टीव्हीला दार हवे

मी टीव्हीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर हा लेख वाचून आमचे चिरंजीव 'बाबांचं आता वय झालं' असा निष्कर्ष काढणार आणि आमची ही 'मग मॅचच्या वेळी कुठे जातो हो हा विरोध?' असं चारचौघांत विचारणार. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. वय झालेलं आहे आणि मॅच मी बघतो. टीव्हीच्या आकाराला माझा विरोध होता, पण ती लढाई मी पायथागोरसामुळे हरलो. ते पुढे येईलच. आता माझं भांडण उरलं आहे ते एकाच गोष्टीशी. पूर्वी टीव्हीला दार होतं. ते कोणी काढून नेलं?

तरुण वाचकांना वाटेल, म्हातारा भ्रमिष्टासारखा काहीतरी बोलतो आहे. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. टेंभी नाक्यावरच्या आमच्या चाळीत ही बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली आणि त्यावर पुढची काही वर्षं समाधान मानलं. आमच्या घरी टीव्ही आला १९७८ साली. वडिलांनी कचेरीतून कर्ज काढलं, पोस्टातून परवाना काढला, गच्चीवर वरळीच्या टॉवरकडे तोंड करून अँटेना उभी केली आणि मग ती पेटी घरात आली. चार बारीक पायांवर उभी असलेली लाकडी पेटी. पुढे दोन्ही बाजूंनी सरकत येणारी पट्ट्यापट्ट्यांची लाकडी झडप, आणि तिला चक्क कुलूप! त्याची किल्ली आईच्या जुडग्यात, म्हणजे जिथे दागिन्यांच्या कपाटाची आणि साखरेच्या फडताळाची किल्ली असायची तिथे. यावरून टीव्हीचा दर्जा लक्षात यावा. तो दागिन्यांच्या खालोखाल आणि साखरेच्या बरोबरीचा होता.

शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. संध्याकाळी आई झडप उघडायची. तोवर खोलीत तीसेक माणसं जमलेली असायची. पोरं जमिनीवर, बायका पोरांच्या मागे, पुरुष दारात आणि दोन आडदांड कॉलेजकुमार खिडकीच्या गजांना लोंबकळलेले. पडदा वीस इंची, म्हणजे माणशी पाऊण इंचसुद्धा वाट्याला येत नव्हता. चित्र मध्येच हलायचं, मग गच्चीतल्या पोराला ओरडून विचारायचं, 'आता?' तो वरून विचारायचा, 'आता?' आणि खालून उत्तर जायचं, 'गेलं!' सिनेमा संपला, की आई उठून झडप ओढायची. त्या झडपेचा खर्र असा एक आवाज होता. तो झाला, की कोणी कोणाला 'आता घरी जा' म्हणावं लागत नसे. माणसं 'चला, उद्या ऑफिस आहे' म्हणत आपापली चप्पल शोधायला लागत. खोली पुन्हा खोली व्हायची. दूरदर्शन स्वतःसुद्धा रात्री कार्यक्रम संपवून झोपी जायचं. आईने पेटीवर आपल्या हाताने विणलेला क्रोशाचा रुमाल घातलेला असे. त्यावर पितळी फुलदाणी. टीव्ही आहे, हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही विसरू शकत होतो. ही सोय आज कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

आता वर्तमानकाळाकडे वळतो. चाळ पाडून तिथे इमारत झाली. दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉल साडेदहा बाय बारा, त्यात आई, मी, ही आणि चिरंजीव. शोकेसवर एक बत्तीस इंची टीव्ही गपगुमान बसलेला होता. कोणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता. अशा सुखी संसारात माझ्या मेव्हण्याने न्यू जर्सीहून बिब्बा घातला.

त्याने एका रविवारी व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल हातात घेऊन आम्हाला स्वतःचं बेसमेंट दाखवलं. बेसमेंट म्हणजे तळघर. आपल्याकडे पूर्वी वाड्यांच्या तळघरात धान्य, मोडकी भांडी आणि दंतकथा ठेवत असत. मेव्हण्याने तिथे गालिचा घातला होता, आरामखुर्च्या मांडल्या होत्या आणि समोरच्या भिंतीवर पंचाऐंशी इंची टीव्ही ठोकला होता. आई बराच वेळ त्या पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, ''तळघरात का रे बसलाय? वर रंगकाम चाललंय का?''

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पण त्या प्रश्नात किती शहाणपण होतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी ठराव मांडला, ''बाबा, आपल्याला किमान पंचावन्न इंची हवा.''

''आपल्याकडे बेसमेंट नाही,'' मी म्हणालो.

''भिंत आहे ना!''

भिंत आहे म्हणून तिच्यावर काहीतरी ठोकलंच पाहिजे, या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी गणिताचा आधार घेतला. माझा आयुष्यभराचा अनुभव असा, की ज्याने गणिताचा आधार घेतला तो उघड्यावर पडला. पंचावन्न इंच हे माप रुंदीचं नाही, उंचीचंही नाही, कर्णाचं आहे. आयतातली सर्वांत लांब रेघ ती, म्हणून विकणाऱ्यांना ती आवडते. पडद्याची रुंदी आणि उंची सोळास नऊ या प्रमाणात असते. तेव्हा पायथागोरसाला कामाला लावलं, की रुंदी येते अठ्ठेचाळीस इंच आणि उंची सत्तावीस. म्हणजे चार फूट बाय सव्वादोन फूट. मी विजयी मुद्रेने म्हणालो, ''अरे, एवढी आपली मोरीची खिडकी नाही!''

चिरंजीवांनी शांतपणे उत्तर दिलं, ''कर्णाच्या दीडपट अंतरावर बसावं, असा साधारण नियम आहे. पंचावन्नची दीडपट साडेब्याऐंशी इंच, म्हणजे सात फुटांच्या आत. आपला सोफा भिंतीपासून सात फुटांवर आहे. मी मोजलंय.''

शास्त्र फिरलं. तरी मी त्रेचाळीस इंचीची तडजोड पुढे केली. त्यावर त्याने सांगितलं, की पंचावन्न हा त्रेचाळीसपेक्षा बारा इंचांनी मोठा दिसला, तरी क्षेत्रफळात तो दीडपटीहून मोठा असतो. तेव्हा थोडक्या पैशांसाठी कंजूषपणा करू नये. ज्या पोराला भूमितीसाठी मी क्लास लावला, त्याने त्या फीची अशी परतफेड केली. हिने तेवढं एक शहाणपणाचं काम केलं. वर्तमानपत्रं चिकटवून चार फूट बाय सव्वादोन फुटांचा कागद केला आणि तो दोन दिवस भिंतीवर लावून ठेवला. टीव्ही घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, असं मी कळकळीने सांगतो. फक्त त्या कागदाकडे बघून जे वाटेल ते मोठ्याने बोलावं. मी मनात बोललो.

मग गोखले रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथे भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच पोपट. तो लाल-निळा पोपट मान वळवायचा, मग एक पपई हळूहळू कापली जायची, मग पुन्हा पोपट. आमच्या घरी टीव्हीवर कोणी पोपट बघत नाही. बातम्यांत भांडणारी माणसं आणि मालिकांत भांडणाऱ्या बायका बघतात. त्या या टीव्हीवर कशा दिसतात, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. दुकानात उजेड लख्ख असतो, म्हणून रंग भडक ठेवलेले असतात. दुकान चाळीस फूट लांब असतं, म्हणून पंचावन्न इंची टीव्ही पोस्टकार्डाएवढा दिसतो. विक्रेत्याने सांगितलं, ''साहेब, फोर-के आहे. ऐंशी लाखांच्या वर ठिपके आहेत.'' मी घाबरून किंमत विचारली. ती त्या मानाने कमी निघाली आणि तिथेच मी फसलो.

टीव्ही घरी आला. आता तो लावायचा कुठे? एका भिंतीत दार, दुसरीत गॅलरी, तिसरीत स्वयंपाकघराची कमान. उरली चौथी. तिच्यावर मधोमध माझ्या वडिलांचा फोटो होता. चंदनाच्या हारासकट. आईची खुर्ची त्याच्या बरोब्बर समोर. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं, ते तसं झालं होतं. फोटो 'तात्पुरता' म्हणून पॅसेजमध्ये, कॅलेंडर आणि बाथरूमचं दार यांच्या मधल्या जागेत गेला. 'तात्पुरता' हा आमच्या घरातला सर्वांत टिकाऊ शब्द आहे. आईने काही म्हटलं नाही. आमची आई एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणते.

चौथ्या दिवशी टीव्ही बसवणारा मुलगा आला. मी त्याला सांगितलं, पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत हवा, जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. त्याने मान डोलावली आणि पाच फुटांवर खूण केली. ''खाली वायरिंगचा पाइप आहे, काका. आणि सगळे वरच लावतात.'' सगळे करतात, या मुद्द्यापुढे डोळ्यांचं काय चालणार? तेव्हापासून आम्ही सगळे ठाणे स्टेशनवरच्या इंडिकेटरकडे बघावं तसे माना वर करून मालिका बघतो. गाडी येत नाही एवढाच फरक.

त्याने ड्रिल लावलं. भिंत साडेचार इंची, हे मी सांगणारच होतो, पण त्या आवाजात माझं काही ऐकू जाईना. तिसऱ्या भोकाला ड्रिल एकदम सुळ्ळकन आत गेलं आणि थोड्या वेळाने शेजारच्या काकू दारात उभ्या. हातात मिसळणाचा डबा. मोहरीच्या वाटीत विटेचा चुरा. ''भावजी, तुमची भिंत आमच्या फोडणीत आली हो!'' मागून काका आले, भोकाला डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, ''बरं झालं. पूर्वीसारखं झालं. आता दोन्ही घरांत एकच टीव्ही पुरेल.'' एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या सिनेमाला खिडकीच्या गजांना लोंबकळणाऱ्या दोघांपैकी एक ते होते.

टीव्ही एकदाचा बसला. आणि मग हॉलमधली प्रत्येक गोष्ट सूर्यफुलासारखी त्याच्याकडे वळू लागली. सोफा वळला. दिवाण वळला. गॅलरीकडे तोंड असलेली माझी वेताची खुर्ची एक दिवस मी कचेरीच्या जुन्या मित्राला भेटून येईपर्यंत वळलेली होती. पाहुणे आले, की ते माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचे, कारण टीव्ही माझ्या कानामागे होता. चार माणसांत पंचावन्न इंच, म्हणजे माणशी पावणेचौदा इंच. तरी चौघांपैकी दोघं मोबाइल बघत बसलेले.

कळस झाला दहीहंडीच्या दिवशी. टेंभी नाक्याची दहीहंडी कशी असते, ते ठाणेकराला सांगायला नको. आमच्या गॅलरीत उभं राहून मान जरा डावीकडे काढली, की हंडीची दोरी दिसते. आणि आमच्या घरातली मंडळी ती हंडी टीव्हीवर बघत होती! वर आणि एक गंमत. खिडकीतून येणारा आवाज ताजा आणि टीव्हीतला चार-पाच सेकंदांनी शिळा. खाली 'अरेरेरे' असा आवाज उठायचा, म्हणजे थर कोसळलेले असायचे. आणि पडद्यावर तोच गोविंदा अजून हसत हसत सहाव्या थरावर चढत असायचा. मी ओरडलो, ''तो पडणार आहे!'' चिरंजीव म्हणाले, ''बाबा, सस्पेन्स घालवू नका ना.'' मी म्हटलं, ''अरे, दहा पावलांवर गॅलरी आहे.'' तर म्हणाला, ''टीव्हीत जास्त क्लिअर दिसतं.''

गॅलरीत एकटी आई उभी होती. शहाऐंशी वर्षांची. कठड्याला धरून.

आता टीव्हीवाल्यांचा नेहमीचा मुद्दा घेतो. ते म्हणतात, 'नको असेल तेव्हा बंद करा की! बटण आहे ना?' वाचकहो, सगळी फसवणूक इथेच आहे. बंद केल्याने तो मिटत नाही. चार फूट बाय सव्वादोन फुटांचा काळा चौकोन भिंतीवर तसाच राहतो. झडप ओढलेली पेटी हे फर्निचर होतं. हा म्हणजे दिवसभर 'मला सुरू करा' म्हणून उभा असलेला माणूस आहे. आणि तो नुसता काळा नाही, आरशासारखा काळा आहे. एका रात्री आई पाणी प्यायला उठली आणि तिने मला हाक मारली. दबक्या आवाजात विचारलं, ''अरे, हॉलमध्ये कोण बाई आलीय?'' मी दिवा लावला. कोणी नव्हतं. पॅसेजमधल्या उजेडात, त्या बंद टीव्हीच्या काचेत तिला तीच दिसली होती. ज्या जागी वर्षानुवर्षं वडिलांचा फोटो बघायची सवय, तिथे एक अनोळखी म्हातारी उभी. मी तिला तिच्या खोलीत नेऊन झोपवलं. झोपताना ती म्हणाली, ''आपल्या जुन्या टीव्हीला दार होतं रे.''

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हा लेख तिथे सुरू झाला.

विचार करा. जगात जी जी गोष्ट माणसाला खेचून घेते, तिला शहाण्या माणसांनी दार केलेलं आहे. गडकरी रंगायतनला पडदा आहे. तो पडला, की कितीही नामवंत नट असला तरी त्याला घरी जावं लागतं. देव्हाऱ्याला दार आहे. पंढरपूरला विठोबालासुद्धा रोज रात्री शेजारती करून झोपवतात. आषाढी-कार्तिकीला तेवढा पलंग निघतो आणि तो अहोरात्र उभा राहतो. आमच्या टीव्हीची बारा महिने आषाढी! आमच्याच नाक्यावर बेने इस्रायल मंडळींचं १८७९ सालचं प्रार्थनामंदिर आहे. त्याचं नाव शार हशमाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. स्वर्गालासुद्धा दार आहे, आणि आमच्या हॉलमधल्या टीव्हीला नाही.

आणि हेच मेव्हण्याच्या बेसमेंटचं रहस्य आहे, जे आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. अमेरिकेतल्या त्या घरात पंचाऐंशी इंची टीव्ही आहे खरा, पण तो तळघरात आहे. तिथे जायला जिना उतरावा लागतो. जिन्याला वर दार आहे. टीव्ही बघायचा तर बघायला जावं लागतं आणि बघून झालं, की दार लावून परत यावं लागतं. वरची बैठक माणसांना मोकळी. म्हणजे आमच्या आईची किल्ली आणि मेव्हण्याचा जिना एकच काम करतात. आपण परदेशातून टीव्हीचा आकार आणला, जिना तिथेच ठेवला. तळघरात मावणारी वस्तू साडेदहा बाय बाराच्या हॉलमध्ये आणली, तेव्हा टीव्ही आमच्या घरी राहायला आला नाही. आम्ही त्याच्या तळघरात राहायला गेलो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. टीव्ही हवा तेवढा मोठा घ्या. कागद लावून मोजा, डोळ्यांच्या पातळीत लावा, भिंत किती जाड आहे ते ड्रिल सुरू होण्याआधी ओरडून सांगा. पण विकणाऱ्याने ब्रॅकेटबरोबर झडपसुद्धा दिली पाहिजे. देत नसेल, तर आपण करावी.

आम्ही केली. सुताराने लाकडी झडपेचा खर्च सांगितला तेव्हा हिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी विषय बदलला. मग आईनेच ट्रंकेतून आपली एक जुनी इरकल काढली. नऊवार. हिने ती मशीनवर दुमडून शिवली, वर पितळी दांडी लावली आणि टीव्हीवर पडदा आला. पडद्याला रिमोट नाही. उघडायचा तर उठावं लागतं. एवढ्या एका अडचणीमुळे टीव्ही निम्मा कमी झाला, असं मी म्हणतो. चिरंजीव म्हणतात, एक तृतीयांश. त्यांच्याशी मी गणितात वाद घालत नाही. मॅच असली, की पडदा सरकवायला सर्वांत आधी मीच उठतो, हे आरोप होण्यापूर्वी कबूल करतो. वडिलांचा फोटो पॅसेजमधून परत आला आणि आईच्या खुर्चीजवळच्या खांबावर लागला. जागा अगदी पूर्वीची नाही. पण आई म्हणाली, ''चालेल. आता जवळून दिसतात.'' भिंतीतलं भोक मात्र अजून बुजवलेलं नाही. पडदा सरकवला, की पलीकडून काका विचारतात, ''लागली का मॅच?'' आणि दोन मिनिटांत आपली खुर्ची घेऊन इकडे येतात.

परवा हिच्या माहेरचे दूरचे नातेवाईक पहिल्यांदाच घरी आले. चहा झाला, गप्पा झाल्या. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होते, त्यामुळे मला जरा चुकल्यासारखं वाटलं. निघताना त्यांतल्या एक बाई भिंतीवरच्या इरकलीकडे बघून म्हणाल्या, ''पडदा छान आहे हो. मागे खिडकी आहे वाटतं?''

''आहे,'' आई म्हणाली. ''पण आम्ही ती लागेल तेव्हाच उघडतो.''